जुनं छोटं विमान घ्यायचंय? मग ते खान्देशात सांभाळायचं कसं ते आधी बघा

पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं की वर्षभरात बहुतेकांच्या डोक्यात एकच विचार सुरू होतो, क्लबचं विमान तासावर किती दिवस घ्यायचं, आपलं स्वतःचं असावं. नवं परवडत नाही, मग नजर जाते जुन्याकडे, सेसना १५०, १५२, जुनं १७२, एखादं पुष्पक, आणि लगेच पहिला प्रश्न येतो "केवढ्याला मिळेल?" माझ्या मते हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न असा पाहिजे की हे विमान दर महिन्याला किमान एकदा तासभर हवेत जाईल का? कारण जुनं विमान उडण्याने जेवढं झिजतं त्यापेक्षा जास्त उभं राहून खराब होतं. आपल्याकडे ट्रॅक्टरवाले मिस्तरी इंजिनबद्दल सांगतातच ना, "उभं राहीसन सडी जास भो", विमानाला ते दुप्पट लागू आहे आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी माणसं जमवा, मग विमान

एकट्याने घेऊ नका. तीन-चार जण मिळून घ्या. पैसे वाचतात हे तर आहेच, पण खरं कारण वेगळं आहे, एकटा माणूस केळीच्या कापणीत अडकला, घरात लग्न निघालं, मुलाची बारावी आली की विमान दोन-दोन महिने हँगरमध्ये पडून राहतं. चौघांत एक तरी मोकळा असतो. हँगरचं भाडं, इन्शुरन्स, वार्षिक तपासणी हा खर्च तुम्ही दहा तास उडा की शंभर तास, तेवढाच राहतो, त्यामुळे जेवढं जास्त उडाल तेवढा तास स्वस्त पडतो. भागीदारीचा कागद मात्र नीट करा, नात्यातला माणूस असला तरी करा. कोण बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा काढायचा, इंजिन ओव्हरहॉलसाठी दर तासामागे बाजूला किती टाकायचे, इन्शुरन्सचा वाटा कसा, आणि लँडिंगमध्ये नुकसान झालं तर भरायचं कोणी, हे सगळं आधी लिहून घ्या.

पीपीएलला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं आणि क्लास २ मेडिकल लागतं हे तुम्हाला माहीतच असेल. पण ४० तास जर नोजव्हीलवाल्या (नाकाखाली चाक असलेल्या) विमानावर झालेत आणि तुम्ही घेताय टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेलं), तर आधी टेलव्हील जाणणाऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर नीट तयारी करा. टेलव्हील विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जमिनीवर जरा तिरकं झालं की ते आणखी तिरकंच व्हायला बघतं, पाय सतत जागे लागतात.

कोणतं घ्यायचं

नवख्याला मी सेसना १५२ च सांगेन. १९७७ ते १९८५ या काळात बनलं, लायकमिंग ओ-२३५ इंजिन, ११० हॉर्सपॉवर, तासाला साधारण २२-२५ लिटर इंधन, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत हे वापरलेलं असल्यामुळे त्यावर हात बसलेले इंजिनिअर सापडतात. धुळ्यात, शिरपुरात, जळगावात फ्लाइंग ट्रेनिंग चालत आलंय, त्यामुळे या विमानाची भाषा कळणारी माणसं आपल्याकडेही भेटतात, आणि जुन्या विमानाच्या बाबतीत जवळ माणूस असणं हे मॉडेलपेक्षा मोठं आहे.

पुष्पक हे आपल्या एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं), १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड, काँटिनेंटलचं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन माणसं शेजारी शेजारी. एकेकाळी आपल्या क्लबांत किती पायलट यावर शिकले! मला हे विमान मनापासून आवडतं, पण कापडाचं काम जाणणारा आणि त्यावर सही करू शकणारा माणूस आधी गाठीशी असेल तरच त्याच्या नादी लागा. कापड उन्हाने मरतं, वरून रंग चकचकीत दिसतो आणि आतला धागा गेलेला असतो. म्हणून कापडाची ताकद मोजतात, नुसतं बोटाने दाबून काही कळत नाही.

परदेशातून जुनं विमान आणायचा विचार असेल तर आयातीला वयाची अट असते हे लक्षात ठेवा, डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लेखी उत्तर हातात येईपर्यंत कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका. आपल्यासारख्यांना बरा रस्ता म्हणजे इथेच व्हीटी (म्हणजे भारतीय नोंदणीच्या) नंबरवर नोंदलेलं विमान.

बघायला जाल तेव्हा

पहिला दिवस कागदांना द्या. विमानाकडे जाऊच नका. एअरफ्रेम, इंजिन आणि प्रोपेलरची लॉगबुकं मागा, पहिल्या पानापासून. मधली काही वर्षं गायब असतील तर त्या वर्षांत काय घडलं ते कोणीच सांगू शकत नाही आणि मग त्या विमानाची किंमतही तशीच धरायची. एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह म्हणजे एडी, सुरक्षेसाठी करायलाच लागणाऱ्या तपासण्या-दुरुस्त्यांचे आदेश, त्यांची यादी एकेक करून ताडून बघा. उदाहरणार्थ सेसनांच्या सीटच्या रुळांसाठी एडी आहे. रूळ झिजले की टेकऑफच्या वेळी सीट सटकून मागे जाते, पायलट पडू नये म्हणून हातातलं कंट्रोल धरतो आणि नाक वर ओढलं जातं, याने माणसं गेली आहेत. एवढी साधी वस्तू, पण तपासणी झाल्याची नोंद नसेल तर सोडून द्यायची नाही.

इंजिनचे तास विचारताना वर्षंही विचारा. "ओव्हरहॉल होऊन फक्त २०० तास झालेत" हे ऐकायला फार गोड वाटतं, पण ते ओव्हरहॉल १५ वर्षांपूर्वी झालेलं असेल तर ते इंजिन वर्षाला १३-१४ तास चाललंय, म्हणजे बाकी सगळा वेळ उभं होतं. लायकमिंग ओव्हरहॉलसाठी तासांबरोबर १२ वर्षांची मुदतही सांगते ती उगाच नाही. माझ्यासमोर एक १२०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं आणि एक २०० तासांचं पडून असलेलं अशी दोन इंजिनं ठेवली तर मी पहिलंच घेईन.

दुसऱ्या दिवशी विमान. इंजिनिअर आपला न्या, विकणाऱ्याचा नको. कम्प्रेशन टेस्ट समोर करून घ्या, ८० पीएसआय हवा देऊन सिलिंडर किती धरतो ते बघतात, ७० च्या वर असेल तर छान, ६० च्या आसपास आला तर हवा कुठून सुटते ते ऐका, एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंग. सिलिंडरच्या आत बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून बघा. सेसना असेल तर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर) सुरकुत्या आहेत का ते पाहा, नाकावर आपटून झालेलं लँडिंग तिथे छापलं जातं, वरून कितीही रंग मारला तरी. कंट्रोलच्या केबलवरून फडकं फिरवा, धागा अडकला तर तार तुटलेली आहे. बॅटरीच्या डब्याखाली, सीटखालच्या पत्र्यावर, शेपटीच्या आत टॉर्च मारून पांढरी भुकटी शोधा. ॲल्युमिनियमचा गंज असाच पांढरा असतो, लोखंडासारखा लाल नाही, म्हणून नवखा माणूस त्याला धूळ समजून पुसून टाकतो.

कागदपत्रांचा भाग

हे पटकन सांगतो. नोंदणी तुमच्या नावावर करणं, सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस (विमान उडायला योग्य असल्याचा दाखला), दरवर्षीचं एआरसी (त्या दाखल्याच्या फेरतपासणीचा कागद), रेडिओचं लायसन्स, थर्ड पार्टी इन्शुरन्स, नवीन वजन आणि बॅलन्सचा कागद. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आलाय, तर कोणी जुने फॉर्म पुढे केले तर ते आजही चालतात का एवढं विचारून घ्या. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, तुम्ही कितीही हुशार मेकॅनिक असलात तरी कामावरची सही परवानाधारक इंजिनिअरचीच लागते. तुम्ही धुवा, पुसा, काम चालू असताना मदतीला उभे राहा आणि शिका, पण पाना फिरवायचा तो त्याच्या नजरेखाली.

स्वतःच्या शेतात धावपट्टी करून तिथे उतरायचं स्वप्न आपल्याकडे बऱ्याच जणांचं आहे, मला फोन येतात त्यातले निम्मे याचेच असतात. परवानगीशिवाय ते करू नका. सुरुवात जळगाव, धुळ्याचं गोंदूर किंवा शिरपूर यातल्या एखाद्या ठिकाणी उभं करायला जागा मिळते का इथून करा, आणि जागेचं लेखी मिळेपर्यंत विमान विकत घेऊ नका. जागा आधी, विमान नंतर, हा क्रम उलटा झाला की विमान उघड्यावर राहतं.

इंधन

आपल्या विमानाला ॲव्हगॅस १००एलएल लागतं, निळ्या रंगाचं. हे पूर्वी बाहेरून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीत बनवते, आणि नंदुरबार-धुळ्याकडून बडोदा काही फार लांब नाही ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. तरी ते पेट्रोल पंपावर मिळत नाही, बॅरलमध्ये घ्यावं लागतं, आणि पेट्रोल वर्गातलं इंधन ३० लिटरच्या वर साठवायला परवाना लागतो, तेव्हा जिथे ट्रेनिंग चालतं त्यांच्याकडूनच भरून घ्यायची सोय लागली तर सगळ्यात उत्तम.

"गाडीचं पेट्रोल टाकलं तर काय होतं?" असं प्रत्येक जण विचारतो. आपल्याकडच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराच्या सील आणि नळ्या फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. ५० वर्षांपूर्वीच्या टाकीत ते नकोच.

भरताना विमान, बॅरल आणि जमीन यांना अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय नोझल उचलायचं नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की मोटरसायकलला हात लावला तरी चटका बसतो, तीच ठिणगी इथे टाकीच्या तोंडाशी उडू शकते. प्लॅस्टिकचा कॅन अजिबात नको. आणि भर उन्हात टाकी गळ्यापर्यंत भरून उभी करू नका, इंधन तापून फुगतं आणि व्हेंटमधून (टाकीत हवा जायच्या नळीतून) जमिनीवर सांडतं.

आता वर्ष कसं काढायचं

*उन्हाळा.* जळगाव-भुसावळचा मे महिना काय असतो ते सांगायची गरज नाही. जळगावचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण आठशे फुटांवर आहे, तिथे स्टँडर्ड तापमान धरतात १३ अंशांच्या आसपास. त्याच्या वरच्या प्रत्येक अंशाला डेन्सिटी अल्टिट्यूड साधारण १२० फुटांनी वाढतं, म्हणजे ४३ अंशाला ३० अंश जास्त, ३६०० फूट, अधिक आठशे, म्हणजे तुमचं विमान जमिनीवर असूनसुद्धा चव्वेचाळीसशे फुटांवर असल्यासारखं वागणार. इंजिनला हवा कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखाला उचल कमी. पुस्तकातले आकडे नव्या विमानाचे आणि कसलेल्या पायलटचे असतात, मी जुन्या विमानाला टेकऑफचं अंतर दीडपट धरतो आणि दोन मोठी माणसं आणि भरलेली टाकी असं मे महिन्यात करतच नाही. सकाळी सहाला उडा, आठच्या आत उतरा. नंतर तापलेल्या काळ्या शेतांवरून वर येणारी हवा विमान नुसतं फेकत राहते आणि वावटळी उठायला लागतात.

उन्हाळ्याचा दुसरा शत्रू म्हणजे धूळ. इथे एक गोष्ट अशी की जी ट्रेनिंगमध्ये पटकन सांगून पुढे जातात. कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा देणारी कळ) ओढली की इंजिनमध्ये जाणारी हवा फिल्टरमधून येत नाही, एक्झॉस्टच्या बाजूने सरळ येते. म्हणून टॅक्सी करताना ती ओढून ठेवू नका, तपासायची तेवढी रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन चढवून तपासतात तेव्हा, तपासा आणि लगेच बंद करा, रनअपही कच्च्या जागेवर नको. ऑइलचा नमुना लॅबला पाठवत जा, त्यात सिलिकॉन वाढलेलं दिसलं की बहुतेक वेळा धूळ आत शिरतेय असं समजायचं, फिल्टर आणि त्याची बैठक बघायची. ऑइल स्वतः मात्र वेळेत बदला, फिल्टर असेल तर ५० तासांना आणि नुसती जाळी असेल तर २५ ला, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांत बदलाच. काच कोरड्या फडक्याने पुसू नका, आपल्या मातीची बारीक कणी ओरखडे पाडते, आधी भरपूर पाणी ओता, मग मऊ कापूस.

वळवाच्या वादळाआधी बांधणी तपासा. काळ्या मातीत नुसते स्क्रूचे खुंटे घालून भागत नाही, कोरडी असताना माती फाटते आणि ओली झाली की फुगून सैल सोडते, तिथे काँक्रीटचे ठोकळे पुरून त्यात कडी घ्या. दोर नायलॉनचा वापरा, काथ्यासारखे नैसर्गिक दोर भिजले की आखडतात आणि पंखाला ताण देतात.

*पावसाळा.* सगळ्यात जास्त विमानं याच चार महिन्यांत बिघडतात. इंजिनमध्ये जळण्यातून पाणी तयार होतं आणि त्याचा थोडा भाग ऑइलमध्ये जातो, ते उडून जायला ऑइल चांगलं तापावं लागतं. लायकमिंग सांगते की ३० दिवसांत एकदा तरी सलग तासभर उडवा, ऑइल ७४ ते ९३ अंशांत ठेवून. आता लोक काय करतात, उडता येत नाही म्हणून दर रविवारी दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवतात आणि समाधानाने घरी जातात. याने ऑइल तेवढं तापत नाही, उलट दर रविवारी नवीन पाण्याची आणि आम्लाची त्यात भर पडते. काही जण प्रोपेलर हाताने फिरवून ठेवतात, त्याने सिलिंडरच्या भिंतीवर जी ऑइलची पातळ फिल्म राहिलेली असते तीही पुसली जाते, आणि मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन सुरू होऊन हात जातो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, ऑइल खाली उतरून जातं आणि तो कोरडा पडतो, गंजाची सुरुवात बहुधा तिथून. काँटिनेंटलच्या छोट्या इंजिनांत तो खाली असतो, त्यांना जरा बरं.

म्हणून जूनच्या सुरुवातीलाच ठरवा. उघडीप बघून दर महिन्याला उडणार असाल तर उडा. नसाल तर इंजिनिअरकडून प्रिझर्व्हेशन करून घ्या, त्यात वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल घालतात, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग बसवतात, इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करतात. जेल निळं असतं तोवर ठीक, गुलाबी झालं की बदला. अर्धवट काही करू नका.

पावसात उडणार असाल तर प्रत्येक उड्डाणाआधी सगळ्या ड्रेनमधून इंधन काढून बघा, टाकीच्या झाकणाचं जुनं रबर पाणी आत घेतं. पाणी तळाला गोळा होतं आणि वरच्या निळ्यात रेष दिसते, पण अख्खा नमुनाच पाणी असेल तर रेष दिसत नाही, म्हणून रंग बघा आणि वासही घ्या. ऑगस्टमध्ये सातपुड्याच्या बाजूला दमट हवेत २० अंशाला सुद्धा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. आरपीएम हळूच खाली येतो. हीट पूर्ण ओढा, इंजिन आधी खरखर करेल, घाबरून परत आत ढकलू नका, वितळलेलं पाणी गेलं की आरपीएम वर येतो.

हँगर शेतमालाचं गोदाम करू नका, आपल्याकडे मोकळं शेड दिसलं की कोणीतरी युरियाच्या गोण्या आणून ठेवतो. खताची धूळ आणि दमट हवा मिळून ॲल्युमिनियम खाते. धान्य ठेवलं तर उंदीर येतात, शेपटीत घरटं करतात आणि त्यांच्या मुताने पत्र्याला भोकं पडतात. कुंभारमाशी पिटो ट्यूबमध्ये आणि इंधनाच्या व्हेंटमध्ये मातीचं घर करते, दोन दिवस पुरतात तिला. पिटो बंद असेल तर स्पीड दिसत नाही, व्हेंट बंद असेल तर इंजिनला इंधन पोचत नाही. कव्हर लावा, लाल पट्टीवालं, आणि उड्डाणाआधी मोजून काढा.

*हिवाळा.* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले खरे उडायचे दिवस. थंड घट्ट हवा, खाली तापी, रावेर-यावलच्या केळीच्या बागा, एका बाजूला सातपुडा आणि दुसरीकडे अजिंठ्याची रांग, या महिन्यांत जेवढे तास करता येतील तेवढे करा. सकाळी नदीकाठच्या पट्ट्यात धुकं धरतं, तर घाई नको. फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) हे घरूनच करून निघा. रनअपला दोन्ही मॅग्नेटो एकेक बंद करून नीट बघा, १५२ ला १७०० आरपीएमवर फेरे १२५ पेक्षा जास्त पडता कामा नयेत आणि दोघांतला फरक ५० च्या आत. अजिबात पडलाच नाही तर खूश होऊ नका, तो मॅग्नेटो बंदच होत नसेल.

वार्षिक तपासणी मी पावसाळ्यात टाकायला सांगेन, तसंही उडणं कमी असतं आणि दिवाळीपर्यंत विमान तयार होतं. तपासणीला जायच्या दोन-तीन महिने आधी सुट्या भागांची यादी करा, कारण बाहेरून मागवलेला भाग कस्टममधून यायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस विमान उघडं पडून राहतं. प्लग, ऑइल फिल्टर, टायर-ट्यूब, ब्रेकचे पॅड, गॅस्केट एवढं तर कपाटात कायम असू द्या. प्रत्येक भागाबरोबर रिलीज सर्टिफिकेट (भाग विमानाला बसवायला मान्य असल्याचा कागद) हवंच. एमआयडीसीत आपले लेथवाले काहीही हुबेहूब बनवून देतात, त्यांच्या हाताला तोड नाही, पण विमानाचा बोल्ट कोणत्या धातूचा, कसा तापवून कडक केलेला आणि किती ताण घेणारा याचा कागद त्यांच्याकडे नसतो, आणि हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट दिसायला तसाच असला तरी तो तिथे बसवायचा नाही.

प्रत्येक उड्डाणानंतर लॉगमध्ये तासांबरोबर ऑइल किती टाकलं, मॅग्नेटो किती पडले, ऑइलचं तापमान आणि प्रेशर किती होतं तेही लिहा. चौघांनीही, त्याच वहीत, त्याच दिवशी. ऑइल जास्त लागायला लागलं किंवा मॅग्नेटोचा आकडा दर वेळी थोडा थोडा वाढत चालला तर ते वहीत महिनाभर आधी दिसतं आणि इंजिनिअरला फोन करायला वेळ मिळतो.